पांझरेकाठचे शहर आणि फडाचा न्याय

धुळे शहराचे वर्णन करावयाचे तर ते कोठून आरंभावे, याविषयी माझे आणि माझ्या मामांचे मत आजवर जुळलेले नाही. मी या शहरात जन्मलो, येथल्याच नळाचे पाणी प्यालो, आणि आग्रा रोडवरील दुकानांच्या पाट्या वाचीत अक्षरओळख पक्की केली. मामा साक्री तालुक्यातले. त्यांची शेती पांझरेच्या पाटावर, आणि उमेदीची सारी वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविण्यात गेलेली. माझ्या मते शहराचे वर्णन त्याच्या आखणीपासून आणि त्याने जतन केलेल्या दप्तरांपासून सुरू व्हावे; मामांच्या मते ते नदीपासून सुरू झाले नाही तर त्याला वर्णन म्हणता येत नाही, फार तर ती मालमत्तेची यादी होईल. या मतभेदात कधी कटुता आली नाही. परंतु दोघांनाही आपापल्या बाजूची कळकळ असल्यामुळे तो कधी मिटलाही नाही. अशाच एका दीर्घ बैठकीतले बोलणे मी येथे उतरवून ठेवीत आहे. मामा घरात अहिराणी बोलतात, आणि त्यांच्या अहिराणीतली धार माझ्या ग्रांथिक मराठीत पुष्कळशी बोथट होणार हे मी जाणतो. तथापि विचार त्यांचेच आहेत.

मी : मामा, या गावाचे वय मोजायचे तर 1819 पासून मोजावे असे मला वाटते. त्यापूर्वी येथे वस्ती होती, हे मी नाकारीत नाही. परंतु ती लळिंगच्या किल्ल्याच्या छायेतली एक सामान्य वस्ती होती. 1803 च्या दुष्काळात आणि होळकरी धामधुमीत ती पार उजाड झाली, आणि पुढे विंचूरकरांच्या माणसांनी तिला पुन्हा वसविले तरी पेशवाई बुडाली त्या वेळी तिची लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास होती. अशा ठिकाणी कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशाचे मुख्य ठाणे केले, जुन्या वस्तीच्या शेजारी नव्या पेठेची आखणी केली, सरळ रस्ते पाडले आणि बऱ्हाणपुराकडच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना जागा देऊन येथे बोलावून आणले. आपल्या गल्ल्यांना आजही आकड्यांनी ओळखतात. चौथी गल्ली, पाचवी गल्ली, असा पत्ता सांगणारी गावे महाराष्ट्रात फार नाहीत. बहुतेक गावे वाढत जातात; आपले गाव प्रथम कोणाच्या तरी मनात रेखले गेले आणि मग जमिनीवर उतरले. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

मामा : अभिमान वाटू दे, सरळ रस्ता ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच रस्त्याने थोडे उत्तरेकडे चल. सोनगीर ओलांड, तापीवर ये, आणि काठाकाठाने थाळनेरास जा. फारुकी घराण्याला फिरोजशहा तुघलकाकडून 1370 मध्ये जहागीर मिळाली ती थाळनेरची. त्यांची पहिली गादी तेथे होती, त्यांच्या कबरी आजही तेथे उभ्या आहेत, आणि ज्याला आपण खानदेश म्हणतो त्या मुलुखाला राज्याचे रूप तेथून आले. आता 1818 च्या फेब्रुवारीत तेथे काय घडले ते आठव. सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, किल्लेदाराला फाशी दिले आणि आतली शिबंदी कापून काढली. त्यानंतर वर्षभराने तुझा ब्रिग्ज धुळ्याच्या माळावर दोरी लावून रस्ते आखीत होता. दोन्ही कृत्ये एकाच सत्तेची. तू दुसऱ्या कृत्यापासून गावाचे वय मोजतोस, म्हणून पहिले तुझ्या हिशेबात येत नाही.

मी : सत्तेचे हात स्वच्छ होते असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, सत्तेने जे उभारले त्याचा उपयोग पुढे लोकांनी कसा केला, ते पाहावे. कारागृहाचेच उदाहरण घ्या. धुळ्याचा तुरुंग परकीय सरकारने राजबंद्यांना कोंडण्यासाठी वापरला. पण 1932 साली त्याच तुरुंगात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचने केली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून ती आज भारताच्या कितीतरी भाषांतून वाचली जातात. ज्या भिंती माणसांना अडविण्यासाठी बांधल्या, त्यांच्या आत एक विद्यापीठ भरले. हे शहरातच होऊ शकते. कारण शहर माणसांना एकत्र आणते, मग ते स्वखुशीने येवोत की बेड्या घालून आणलेले असोत.

मामा : गुरुजी धुळ्याचे झाले ते तुरुंगापुरते. ते घडले अमळनेरात, प्रताप हायस्कुलाच्या वसतिगृहात, खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या सहवासात. आणि तुम्ही शहरवाले ज्यांची नावे घेऊन मिरविता त्यांपैकी किती जण शहरांचे आहेत, ते एकदा मोजून पाहा. बालकवी धरणगावचे. बहिणाबाई असोद्याच्या, अक्षर न गिरवता शेतात आणि जात्यावर रचीत राहिल्या, आणि त्या गेल्यानंतर 1952 मध्ये त्यांच्या ओव्या छापून आल्या तेव्हा शहरांना पत्ता लागला की आपल्या शेजारी कोण होते. काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन 1936 मध्ये भरले ते फैजपुरात. या मुलखाने जे मोठे दिले ते खेड्यांनी दिले; शहराने त्याची पोच लिहून घेतली.

(येथे मामांच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती होती, आणि ती त्यांनाही ठाऊक असावी, कारण नंदुरबारच्या बाजारपेठेत 1942 च्या सप्टेंबरात गोळी खाऊन पडलेल्या शिरीषकुमाराचे नाव मी घेताच ते काही काळ गप्प राहिले. पण ‘पोच लिहून घेतली’ हे शब्द माझ्या जिव्हारी लागले, आणि मला ज्या विषयावर मनापासून बोलावयाचे होते त्याची वाट त्यांनीच मोकळी करून दिली.)

मी : पोच लिहून घेणे ही क्षुद्र गोष्ट आहे काय? इतिहासाचार्य राजवाडे महाराष्ट्रभर पायपीट करीत हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवरून, मठांच्या अडगळीतून, वतनदारांच्या पेट्यांतून कागद गोळा करीत फिरले, आणि अखेर त्यांनी देह ठेवला तो या धुळ्यात, 1926 च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी. त्यांच्या मागे लागलीच येथल्या मंडळींनी संशोधन मंडळ उभारले आणि त्यांचे दप्तर सांभाळले. शंकर श्रीकृष्ण देव वकिली करणारे गृहस्थ; त्यांनी रामदासी संप्रदायाची बाडे मठोमठी शोधून आणली, आणि 1935 मध्ये त्यांच्यासाठी समर्थ वाग्देवता मंदिर बांधले. विचार करा, मामा. पुणे नव्हे, सातारा नव्हे. समर्थांच्या परंपरेची हस्तलिखिते पाहावयाची तर अभ्यासकाला पांझरेच्या काठी यावे लागते. हे गाव व्यापाराचे आहे, कापसाचे आणि भुईमुगाचे आहे, उन्हाळ्यात भाजून निघणारे आहे. तरी त्याने आपल्या मिळकतीतून कागद राखण्यासाठी घरे बांधली. पाटाच्या पाणीवाटपाच्या ज्या फडांविषयी तुम्ही नेहमी एवढ्या प्रेमाने बोलता, त्यांच्यासारख्या रिवाजांचा इतिहासही जुन्या कागदांतूनच पुढच्या पिढीला कळायचा आहे.

मामा : कागद राखणाऱ्यांना माझा दंडवतच आहे. राजवाड्यांसारखा तपस्वी आपल्या भूमीत विसावला हे आपले भाग्य. पण फडाविषयी तू जे म्हणालास ते मला मान्य नाही. फड कागदावर नाही. तो माणसांच्या वागण्यात आहे, आणि वागणे थांबले की कोणतेही दप्तर त्याला परत आणू शकत नाही. तू पाटावर लहानपणी खेळलास, पण व्यवस्था कधी नीट ऐकून घेतली नाहीस. आज ऐक.

(यापुढचे मामांचे बोलणे मी मध्ये न थांबवता ऐकले, आणि तसेच देतो.)

मामा : पांझरा पिंपळनेरच्या वर सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहते. कान नदी साक्रीवरून येऊन तिला मिळते. धुळ्यापुढे गेल्यावर ती उत्तरेकडे वळते आणि मुडावदपाशी तापीत जाते. या वाटेवर आणि बागलाणात मोसम व आरम नद्यांवर आपल्या पूर्वजांनी थोड्याथोड्या अंतरावर दगडी बंधारे घातले. ते कोणी एका राजाने बांधले असे नाही. काही शतके ते चालत आले आहेत, एवढे खरे. बंधारा पाणी साठवीत नाही; तो नदीचे पाणी उंचावतो आणि एका अंगाने पाटात वळवितो. त्या पाटाखाली जी जमीन भिजते तिचे तीन किंवा चार भाग केलेले असतात. तो प्रत्येक भाग म्हणजे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल, तर पुढच्या वर्षी तेथे दुसरे पीक, आणि उसाची पाळी शेजारच्या फडाची. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी बहुधा प्रत्येक फडात असते. म्हणून कोणाची सगळी जमीन पाण्याच्या तोंडाशी आणि कोणाची सगळी शेपटाला, असे होत नाही.

आता खरी गोष्ट पुढे आहे. आपल्या शेताला कोणी स्वतः पाणी द्यायचे नाही. पाणी देतो तो पाटकरी. तो सगळ्यांचा नेमलेला असतो, त्याचा मोबदला सगळे मिळून देतात, आणि तो फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने भिजवीत जातो. मालक पाटील आहे की विधवा बाई आहे, हे तो पाहत नाही. त्याच्यावर देखरेख हवालदाराची. उभ्या पिकाची राखण जागल्याची. पाट गाळाने भरला तर साफसफाईला प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या प्रमाणात हात लावायचा. आणि ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी सगळे एकत्र बसून ठरवितात की एक फड यंदा पेरायचाच नाही. त्या फडात प्रत्येकाची पट्टी असल्यामुळे तोटा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. टंचाई वाटून घेण्याची ही रीत ब्रिग्ज येण्यापूर्वीची आहे. त्याने सरळ रस्ते आखले. आमच्या लोकांनी पाण्याला सरळ वागायला लावले, आणि माणसांनाही.

मी हे ऐकून काही काळ उत्तर शोधीत राहिलो. खानदेशातल्या जुन्या महसुली अहवालांतून या बंधाऱ्यांचा उल्लेख मी वाचला होता, परंतु त्यांच्याकडे मी जमाबंदीच्या दृष्टीने पाहत असे. बागाईत किती, जिराईत किती, धारा किती. ज्या व्यवस्थेत बलवानाला आपल्या शेतातली मोरी उघडण्याचाच अधिकार नाही, तिच्यात केवढा विचार साठला आहे हे मला त्या दिवशी प्रथम नीट दिसले. तरीही शहराचा पक्ष सोडावा असे मला वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

मी : मामा, ही व्यवस्था थोर आहे. पण ती पाटाखालच्यांची आहे. ज्यांची जमीन पाटाच्या वर, ते तिच्यात कोठे आहेत? साक्रीचा पश्चिम भाग पाहा, नवापूर पाहा, आणि तापी ओलांडून सातपुड्यात अक्राणीला जा. भिल्ल आणि पावरा लोकांच्या डोंगरातल्या शेतीला ना बंधारा, ना फड. 1825 मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते. 1857 मध्ये खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात सरकारविरुद्ध उठला. तो सारा काळ मैदानातल्या गावांना डोंगराची भीती वाटत होती आणि डोंगराला मैदानातल्या सावकाराची. त्या डोंगरातल्या मुलाला शाळा, दवाखाना, वकील, वर्तमानपत्र जे काही मिळाले ते शहराच्या वाटेने मिळाले. फडाच्या पंचांनी त्याला कधी आपल्यात बसवून घेतले नाही.

मामा : हे तू खरे बोललास. आमच्या न्यायाला हद्द होती, आणि ती पाटाशी संपत होती. पण शहराने ती हद्द पुसली असे तू म्हणशील तर मी मानणार नाही. जिल्ह्याची कचेरी धुळ्यात, आणि धडगावचा माणूस दाखल्यासाठी नदी-डोंगर ओलांडून येथे येत असे. नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा व्हायला 1998 साल उजाडले. त्याआधी 1906 मध्ये साहेबाने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. बऱ्हाणपूर, जे दोनशे वर्षे फारुक्यांची राजधानी होते, ते आज दुसऱ्या राज्यात आहे. कचेऱ्यांनी या मुलखाच्या अंगावर जेवढ्या रेघा ओढल्या, तेवढ्या नद्यांनी ओढलेल्या नाहीत. पण अस्तंब्याच्या यात्रेला दिवाळीत ये, अश्वत्थाम्याच्या शिखरावर रात्रभर चढणारे लोक पाहा, गुजरातेतले आहेत, मध्य प्रदेशातले आहेत, आपले आहेत. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोडे विकायला येणाऱ्याला कोणी जिल्हा विचारीत नाही. आखाजीला माहेरी आलेली लेक ज्या झोक्यावर बसते, तो झोका साक्रीतही आहे आणि रावेरातही. कानबाई श्रावणात ज्या रविवारी बसते, तिचे रोट ज्या घरात होतात, त्या घराचा तालुका कोणता हे महत्त्वाचे नाही.

मी : म्हणजे तुमच्या मते प्रदेश आधी आणि शहर मागून.

मामा : आधी-मागून हा मानाचा प्रश्न नाही, बाळा. जबाबदारीचा आहे. पांझरा धुळ्यातून जाते. अलीकडे देवपूर, पलीकडे जुने धुळे. दोहोंच्या मध्ये ती वाहते. पण उन्हाळ्यात ती देवपूरच्या पुलावरून पाहा. आम्ही वरच्या अंगाचे लोक पाटातला गाळ काढतो, आणि खालच्या अंगाला तुम्ही आपले सांडपाणी तिच्यात सोडता. नकाण्याचा तलाव आहे, तापीवरून उपसून आणलेले पाणी आहे, आता अक्कलपाड्याच्या धरणाचेही पाणी शहराला हवे आहे. वाढत्या गावाला पाणी लागणार, हे मला समजते. तहानलेल्याला पाणी नाकारणारा फड मी पाहिलेला नाही. पण लाटीपाडा झाले, मालनगाव झाले, अक्कलपाडा झाले. धरणांत पाणी अडू लागल्यापासून आमच्या कितीतरी बंधाऱ्यांवर नदी पूर्वीसारखी येत नाही. विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याच्या त्याच्या शेतात ज्याची त्याची विहीर, आणि पाटाच्या गाळाला हात लावायला येणारे थोडे उरले. फड मोडकळीस आला तो केवळ शहरामुळे नाही. आमच्या लोभानेही आला. पण शहर या पाण्याच्या हिशेबात कोठेच बसत नाही, ते फक्त घेते, हे मला सलते.

मी : पाण्याची कामे करणारा एक तरुण अभियंता आपल्या नदीवरच प्रथम घडला, हे तुम्हांला ठाऊक असेल. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले तेव्हा त्यांच्या आरंभीच्या कामांतले एक होते पांझरेवरच्या दातर्तीजवळचे. ओढ्याच्या पलीकडे नळातून कालव्याचे पाणी न्यावयाचे. पावसाळ्याने काम अडविले, वरिष्ठांनी ते सोडून देऊ दिले नाही, आणि त्यांनी ते पुरे केले. शहराची विद्या आणि तुमचा पाट त्या ठिकाणी एकत्र आले होते. ते पुन्हा येऊ शकतील.

मामा : येऊ शकतील, पण एका अटीवर. धुळे शहराला पांझरेचा एक फड समजा. पाटाच्या यादीत त्याचे नाव चढवा. चांगल्या वर्षी त्याला त्याचे पाणी मिळो. आणि ज्या वर्षी नदी आटेल, त्या वर्षी बाकीच्या फडांबरोबर त्यालाही आपला वाटा सोडावा लागो. पिण्याचे नव्हे, पिण्याचे पाणी सर्वांत आधी. पण गाड्या धुण्याचे, अंगणे भिजविण्याचे, फुटलेल्या नळातून रस्त्यावर वाहणारे, हे पाणी म्हणजे शहराच्या फडातले उसाचे पीक आहे. टंचाईत ते पेरायचे नाही. आणि पाट साफ करण्याच्या दिवशी शहराने आपल्या प्रमाणात माणसे पाठवावी, किंवा खर्च द्यावा. नदी घाण करून खाली सोडणाऱ्या फडाला आमच्या पंचांनी पुढल्या पाळीचे पाणी दिले नसते.

मी : महानगरपालिका, पाटबंधारे खाते, साखर कारखाने, विहिरींचे मालक, इतक्यांना एका बैठकीत कोण बसविणार? तुमच्या पाटावर शेतकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखणारे. शहरात तर एका गल्लीतला माणूस दुसऱ्या गल्लीतल्याला ओळखत नाही. शिवाय पाटकरी कोणाला नेमणार? शहरात ज्याच्या हाती पाण्याची कळ, त्याच्या घरी आधी पाणी.

मामा : म्हणूनच पाटकरी बाहेरचा पाहिजे. ज्याची स्वतःची पट्टी त्या पाटावर नाही असा. आणि त्याचा मोबदला एकाने दिला तर तो त्या एकाचा होतो. सगळ्यांनी मिळून दिला तरच तो सगळ्यांचा राहतो. एवढे तरी तुमच्या कचेरीला करता येईल.

मी : आणि ज्याने क्रम मोडला त्याला?

मामा : त्याला पंचांपुढे उभे करायचे, सगळ्यांसमक्ष, दिवसाउजेडी. आमच्याकडे दंडापेक्षा लोक त्याला अधिक भीत. तुमच्याकडे तशी जागा आहे काय, जेथे सारे शहर एकत्र बसून एखाद्याला विचारील की, तू पाणी का चोरलेस?

मी म्हणालो की अशी जागा सध्या नाही, पण ती निर्माण करणे हेच शहराचे काम आहे. मामा म्हणाले की ते काम दप्तर राखण्याइतकेच थोर ठरेल, आणि अधिक कठीण. मग त्यांनी विचारले की महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब, कोणत्या भागाला किती दिवसांनी पाणी सुटते याचा तक्ता, मला कोठून मिळवता येईल. त्यांना तो आपल्या गावच्या पाटाच्या पाळीपत्रकाशेजारी ठेवून पाहावयाचा आहे. मी तो मिळवून देण्याचे कबूल केले.